जिभेला चिकटणारं मडकं : १७व्या शतकातल्या बुकारोचं प्रकरण

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं १६५६ सालचं 'लास मेनिनास' हे चित्र आहे. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता उभी आहे. तिच्या उजव्या हाताशी मारिया अगुस्तिना सार्मिएन्तो ही मानकरीण गुडघे टेकून बसली आहे आणि तबकातून एक छोटं, मुठीत मावेलसं लाल मडकं पुढे करते आहे. बघणारे आरशाबद्दल बोलतात, चित्रकाराबद्दल बोलतात, झोपाळू कुत्र्याबद्दलही बोलतात. मडकं मात्र तसंच राहून जातं.

त्या मडक्याला स्पॅनिशमध्ये बुकारो म्हणतात. पालोमिनो या स्पॅनिश चित्रकार-लेखकाने १७२४ साली या चित्राचं वर्णन केलं, त्यातही मानकरीण राजकन्येला 'बुकारोतून पाणी' देते आहे असं नोंदवलेलं आहे. पाणी पिण्याचं हे भांडं पाणी पिऊन झाल्यावर फोडून खाल्लंही जायचं. खाणाऱ्या मुख्यतः दरबारातल्या आणि श्रीमंत घरांतल्या स्त्रिया. चित्रात राजकन्या माती खात नाही, ती पाण्याकडे हात नेते आहे, हे आधीच सांगायला हवं. या चित्रावरून 'राजकन्येला मातीचं व्यसन होतं' असं सर्रास लिहिलं जातं, त्याला चित्रात आधार नाही. पण ते मडकं कोणत्या मुखसुखाचं होतं, हे तेव्हा चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मातीच्या कलेत तोंड, चव, दिलासा आणि इच्छा यांचा विचार करायचा असेल, तर बुकारोइतकं नेटकं प्रकरण दुसरं नाही. आणि त्याचं सगळं गुपित एकाच गोष्टीत आहे : भाजणी कमी ठेवली आहे. चव, गारवा, वास, खाता येणं आणि त्यातून होणारी इजा, हे सारं त्या अर्धवट भाजणीतून येतं.

मडकं कुठलं

सुरुवातीला नाव पोर्तुगालच्या लाल मडक्यांचं होतं, त्यात एस्त्रेमोझची माती विशेष. मग मेक्सिकोतून माल येऊ लागला. ग्वादालाहाराजवळचं तोनाला हे कुंभारांचं गाव त्यासाठी प्रसिद्ध झालं, आणि तिथल्या भांड्यांना 'इंडीजचे', म्हणजे अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींचे, बुकारो म्हणू लागले. पातळ भिंत, पोटाला बोटाने दाबून पाडलेल्या खळ्या, बाहेरून दगडाने घोटून आणलेली चकाकी, झिलई अजिबात नाही. तोनालाच्या घोटीव मातीला आजही तिथे 'वासाची माती' म्हणतात. १७व्या शतकातल्या ओन्यातेच्या काउंटेसचा अशा मडक्यांचा मोठा संग्रह माद्रिदच्या म्युझेओ दे आमेरिका या संग्रहालयात आहे. समुद्रापलीकडून आलेल्या मडक्यांना युरोपात सोन्याचांदीची बैठक आणि कडी बसवत. मातीच्या भांड्याला चांदीची कोंदणं का, याचं उत्तर चवीत आणि वासात आहे.

अर्धी भाजणी म्हणजे काय

वाळलेली माती तापवली की साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तिच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. तिथून पुढे ती माती पुन्हा चिखल होत नाही. याच्या अलीकडे थांबलात तर मडकं पाण्यात विरघळतं. दुसरीकडे, साधारण ९०० ते १००० अंशांनंतर मातीतली क्षारद्रव्यं वितळून काचेसारखी होऊ लागतात, छिद्रं बुजतात, भांडं कणखर होतं. या दोन हद्दींच्या मध्ये एक पट्टा आहे. तिथे मडकं पाण्यात टिकतं, पण छिद्रं उघडी राहतात आणि तुकडा दाताखाली कुरकुरीत मोडून भुगा होतो. आपल्या कुंभाराच्या उघड्या आव्यातला माठही याच पट्ट्यात असतो. मडकं वाजवून घेताना आवाज 'ठण्ण' आला तर पक्कं आणि 'भद्द' आला तर कच्चं किंवा तडकलेलं. बुकारो या दोन आवाजांच्या मधला, बुजऱ्या आवाजाचा.

अशा भांड्याने किती पाणी शोषलं हे घरच्या काट्यावरही मोजता येतं. कोरडा तुकडा १०० ग्रॅम, २४ तास पाण्यात ठेवून, वरचं पाणी ओल्या फडक्याने टिपून ११४ ग्रॅम भरला, तर शोषण १४ टक्के. कमी भाजलेल्या लाल मातीत १० ते २० टक्के हा नेहमीचा आकडा. चिनी मातीच्या कपात तो १ टक्क्याच्याही खाली असतो. तुमच्या रोजच्या कपाला चव नाही, वास नाही आणि ओठावर पकड नाही, त्याचं कारण हेच.

तोंडात काय घडतं

कोरड्या बुकारोत पाणी ओतलं की आधी आवाज येतो. बारीक 'सूं'. पाणी छिद्रांत घुसतं, आतली हवा बुडबुड्यांनी वर येते, आणि क्षणभर पाणी उकळल्यासारखं दिसतं. मादाम दोल्नुआ या फ्रेंच लेखिकेच्या स्पेनच्या प्रवासवर्णनात नेमकं हेच टिपलं आहे : पेल्यात पाणी उकळल्यासारखं होतं, थोडा वेळ ठेवलं तर पेला रिकामा होतो, वास फार छान येतो, पाणी उत्तम लागतं, पण वाइनची चव जाते. ती स्पेनला खरोखर किती फिरली याबद्दल अभ्यासकांना शंका आहेत. मडक्याचं निरीक्षण मात्र कुठल्याही नव्या माठावर ताडून बघता येतं आणि ते खरं ठरतं.

मग ओठ. सुक्या काठाला ओठ लावला की काठ ओठातली ओल ओढून घेतो आणि किंचित धरून ठेवतो. जीभ लावली तर पकड आणखी स्पष्ट. ही केशाकर्षणाची ओढ आहे, चिकटपणा नव्हे. भांडं ओलावलं की पकड सुटते. म्हणजे पहिला घोट आणि पाचवा घोट एकसारखे नसतात : पहिल्यात भांडं तुमच्याकडून घेतं, नंतर देतं. लहान मूल तोंडात वस्तू धरून शांत होतं, ती शांतता आणि ही पकड एकमेकींच्या जवळच्या आहेत असं आमचं मत आहे. म्हणूनच या भांड्याची कलाकृती काचेच्या पेटीत ठेवून दाखवता येत नाही.

गारव्याचं गणित सोपं आहे. बाहेरच्या अंगाने पाझरलेलं १ ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता नेतं. १ लिटर पाणी १ अंशाने थंड करायला ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे कागदावर दोन ग्रॅमांपेक्षा कमी पाणी उडालं की लिटरभर पाणी अंशाने उतरतं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते आणि हवेतल्या दमटपणाची मर्यादा असते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर पाणी जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर २९ च्या खाली नाही. नागपूरचा माठ आणि मुंबईचा माठ यांतला फरक तो हाच. माद्रिदचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे बुकारो तिथे खरोखर काम करायचा.

वासाबद्दल. तापलेल्या मातीवर पाणी पडल्यावरचा वास १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 'नेचर'मध्ये अभ्यासून 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. कोरडी, सच्छिद्र माती हवेतली सेंद्रिय द्रव्यं धरून ठेवते आणि ओल मिळाली की सोडते. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीच्या चकत्यांपासून मिट्टी अत्तर ऊर्ध्वपातनाने काढून चंदनतेलात उतरवतात, त्यामागे हीच गोष्ट. बुकारो म्हणजे पहिल्या पावसाचा वास हातात धरून पिता येईल असं भांडं.

इच्छा

१६११ सालच्या कोवार्रुबियासच्या स्पॅनिश शब्दकोशात बुकारोची नोंद आहे आणि तिथेच म्हटलंय की या मातीचे तुकडे स्त्रिया खातात, रंग फिका व्हावा म्हणून किंवा वाईट खोड म्हणून. केवेदो या स्पॅनिश कवीची एक कविता तर तोंडात बुकारोचे तुकडे धरलेल्या प्रेयसीलाच उद्देशून आहे. एस्तेफानिया दे ला एन्कार्नासिओन या जोगिणीने १६३१ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की ही सवय सोडायला तिला वर्ष लागलं. मादाम दोल्नुआ सांगते, या स्त्रियांना कबुलीच्या वेळी पाद्री प्रायश्चित्त द्यायचे ते एवढंच : एक दिवस माती खायची नाही.

हे वाचताना परकं वाटायचं कारण नाही. कालिदासाच्या रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात गर्भार सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा सुगंध येतो. राजा दिलीप एकांतात तो हुंगतो आणि त्याची तृप्ती होत नाही, जशी उन्हाळा सरताना पावसाच्या थेंबांनी शिंपलेलं वनातलं डबकं हुंगून हत्तीची होत नाही. केवेदोच्या कितीतरी शतकं आधी, तीच माती, तेच तोंड, तीच ओढ. फरक इतकाच की संस्कृत कवी त्याला दोहद म्हणतो आणि स्पॅनिश समाज त्याला दुर्गुण म्हणतो. आपल्या घरांत डोहाळे म्हणून भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, चुलीतला कोळसा खाणाऱ्या बायका होत्या आणि आहेत. कृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेने तोंड उघडायला लावलं. आणि मराठीत 'माती खाल्ली' म्हणजे लाज वाटेल असं काही करून बसणं. एकाच भाषेत माती खाणं लाडकंही आहे आणि लाजिरवाणंही. म्हणून बायका ते लपवतात, आणि लपवल्यामुळेच नुकसान होतं.

काय बिघडत होतं

बुकारो खाणाऱ्यांच्या आजाराला तेव्हा ओपिलासिओन म्हणत, म्हणजे अंतर्मार्ग तुंबणं. मादाम दोल्नुआच्या वर्णनात पोट दगडासारखं कडक होतं आणि त्वचा पिकल्या क्विन्स फळासारखी पिवळी. पांढरटपणा, धाप, पाळी बंद होणं ही इतर लक्षणं. फिकटपणा तेव्हा सौंदर्य समजला जाई, त्यामुळे आजार आणि शोभा यांची सीमाच पुसली गेली होती.

उपचार फार बोलका होता : पोलादाचं पाणी. तापवलेलं लोखंड विझवलेलं किंवा लोखंडाचा कीस भिजवलेलं पाणी सकाळी प्यायचं आणि मग लांब फिरायला जायचं. लोपे द व्हेगा या स्पॅनिश नाटककाराच्या 'माद्रिदचं पोलाद' या नाटकाचं कथानकच त्यावर आहे : नायिका ओपिलासिओनचं सोंग करते, म्हणजे औषध म्हणून सकाळी फिरायला आणि प्रियकराला भेटायला मोकळीक. त्या काळच्या वैद्यांना रक्तातल्या लोहाची कल्पना नव्हती, तरी हाताला आलेलं औषध नेमकं लोहाचं होतं.

आजच्या ज्ञानानुसार माती, खडू, बर्फ अशा वस्तू खाण्याची अनावर ओढ आणि लोहाची कमतरता वारंवार एकत्र दिसतात. लोह द्यायला सुरुवात केली की बर्फ चघळण्याची ओढ तर अनेकदा हिमोग्लोबिन वाढण्याआधीच ओसरते. आधी काय, कमतरता की ओढ, यावर अजून वाद आहे. दुसरी बाजू स्पष्ट आहे : काही प्रकारच्या माती आतड्यात अन्नातलं लोह धरून ठेवतात आणि शोषण कमी करतात. म्हणजे फेरा तयार होतो. मडकं लाल आहे म्हणून त्यातून लोह मिळेल हा समज चुकीचा. तो लाल रंग फेरिक ऑक्साइडचा, आणि भाजल्यावर ते शरीराला जवळजवळ मिळतच नाही. त्यात बद्धकोष्ठ, आतड्यात अडथळा, दात झिजणं, आणि कच्च्या मातीत जंत.

सगळ्यात गंभीर धोका शिशाचा. ब्रिटनमध्ये बांगलादेशी दुकानांत गर्भार बायकांसाठी विकल्या जाणाऱ्या 'सिकोर' या भाजक्या मातीत शिसं आणि आर्सेनिक सापडल्यामुळे तिथल्या आरोग्ययंत्रणेने ती खाऊ नका असं बजावलं आहे. चवीवरून, रंगावरून, वासावरून शिसं ओळखू येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा कुणी माती खाते असं कळलं तर हसू नये, ओरडू नये. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्यावं. सरकारी केंद्रात गर्भारपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी १८० दिवस मिळते, ती जेवणानंतरच्या चहासोबत घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही.

आज असा पेला घडवायचा तर

प्रदर्शनासाठी किंवा घरी पाणी पिण्यासाठी बुकारोच्या जातीचा पेला करता येतो. खाण्यासाठी नाही. ओठ, जीभ, वास आणि गारवा एवढा अनुभव पुरेसा आहे.

२०० मिलिलिटरच्या पेल्याला साधारण २५० ग्रॅम लाल माती लागते. माती पाण्यात कालवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळून घ्यावी. भिंत ३ ते ४ मिलिमीटर. त्याहून जाड ठेवली तर पाझर मंदावतो, पातळ ठेवली तर काठ ओठाखाली कपरतो. काठ धारदार नको, ओल्या चामड्याच्या तुकड्याने गोल करून घ्यावा.

बाहेरच्या चकाकीसाठी निथळलेल्या अतिबारीक मातीचा लेप करतात. १ लिटर पावसाचं किंवा आरओचं पाणी, ४०० ग्रॅम कोरडी लाल माती, ३ ते ४ ग्रॅम सोडियम सिलिकेट. ढवळून २० ते २४ तास बिलकुल न हलवता ठेवावं. तळाचा गाळ सोडून वरचं द्रव नळीने काढून घ्यावं. १०० मिलिलिटरचं वजन ११० ते ११५ ग्रॅम भरलं की बरोबर. त्यापेक्षा दाट लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पूर्ण वाळलेल्या पेल्यावर मऊ ब्रशने दोन-तीन हात द्यावेत आणि ओलेपणाची झाक जाताच मऊ फडक्याने घोटावं. लेप द्यायचा नसेल तर आधीच, नखाची खूण उमटते पण आकार मोडत नाही अशा ओलीत, गारगोटीने घोटावं. आतली बाजू आणि काठापासून बोटभर पट्टी मात्र कोरी, न घोटलेली ठेवावी. ओठाची सारी गंमत त्या पट्टीत आहे, आणि नवशिके नेमकी तीच चकचकीत करून बसतात.

वाळवताना पेला पालथा ठेवावा. मातीतले विरघळणारे क्षार पाण्याबरोबर प्रवास करतात आणि जिथून पाणी सर्वांत लवकर उडतं तिथे साठतात. सुलटा ठेवला तर ती जागा म्हणजे काठ. मग काठावर पांढरी खरपुडी येते आणि पहिला घोट कडवट-खारट लागतो. कारखान्यांत या क्षारांवर बेरियम कार्बोनेट घालतात. ते विषारी आहे, तोंडाला लागणाऱ्या बिनझिलईच्या भांड्यात त्याला जागा नाही.

सावलीत चार-पाच दिवस वाळवून विजेच्या भट्टीत ९० अंशांवर दोन तास धरावं, मग तासाला ८० ते १०० अंशांनी ६०० पर्यंत आणि पुढे थोड्या वेगाने ७८० पर्यंत न्यावं. तिथे अर्धा तास थांबावं. हवेचं भोक ६५० पर्यंत उघडं हवं, नाहीतर सेंद्रिय द्रव्यं जळून जात नाहीत, भिंतीच्या पोटात काळा थर राहतो आणि पाण्याला धुराची चव येते. भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय उघडू नये. सुमारे ५७३ अंशांना मातीतली गारेची वाळू एकदम आकार बदलते, तिथे घाई केली तर सूक्ष्म तडा जातो आणि आवाज 'भद्द' येतो.

आणखी एक दगाबाज चूक चुनखडीची. मातीतले चुनखडीचे कण साधारण ७५० अंशांच्या आसपास आणि पुढे कळीचा चुना होऊ लागतात. भट्टीतून पेला सुंदर निघतो. आठ-दहा दिवसांनी हवेतली ओल घेऊन तो चुना फुगतो आणि पृष्ठभागाचा नाण्याएवढा कपचा उडवतो, मधोमध पांढरा ठिपका. काठावर असा कपचा उडाला तर ओठ कापतो. चाळणी बारीक ठेवणं हाच उपाय. तरीही भाजलेले पेले दोन आठवडे दमट जागी ठेवून मगच वापरायला द्यावेत.

शोषण १२ ते १६ टक्के आलं तर पेला जमला. ८ च्या खाली असेल तर भाजणी जास्त झाली, ओठाची पकड जाईल. पाण्यात ठेवलेला तुकडा बोटाने घासून माती सुटली तर भाजणी कमी.

माती, लेपाची माती आणि तयार पेल्याचा तुकडा, तिन्ही शिसं, आर्सेनिक आणि कॅडमियमसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. ज्या भट्टीत शिशाच्या झिलईची भांडी भाजली जातात, तिथे हे पेले कधीच भाजू नयेत, कारण शिसं उष्णतेत उडतं आणि शेजारच्या भांड्यावर बसतं. वापरण्यापूर्वी १२ तास भिजवून पाणी फेकावं, असं तीनदा. साबण लावू नये, तो छिद्रांत जाऊन बसतो आणि दर घोटाला परत येतो. दूध, ताक, सरबत नको : दूध-ताक छिद्रांत राहून आंबतं आणि आंबट सरबत मातीतली द्रव्यं ओढून घेतं.

प्रदर्शनात एक पेला एकाच माणसाचा. शेजारी भिजवलेला आणि कोरडा असे दोन पेले द्यावेत, म्हणजे पकड आणि तिचं सुटणं दोन्ही कळतं. लोक काठ चावून बघतातच, हे गृहीत धरून परत आलेला प्रत्येक पेला तपासावा, कपचा गेलेला दिसला तर विचारावं, आणि गर्भार पाहुणीला पेल्यासोबत वरचा लोहाचा मजकूरही द्यावा. वापरलेल्या पेल्यांच्या खापऱ्या कुटून, चाळून, पुढच्या मातीत मिसळता येतात. पण पेल्यांच्या मातीत नव्हे, बागेतल्या कुंड्यांच्या मातीत.